कुठं जुळवायचं, कुठं सोडायचं

खामगावला माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. काम मात्र दोन्हीकडचं: घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर. त्यातलं बरंचसं भिंतीतल्या कपाटांचं आणि ओट्याखालच्या कप्प्यांचं, म्हणजे एकदा बसवलं की हलवता न येणारं. टेबल लंगडं निघालं तर उचलून दुकानात आणता येतं. भिंतीतल्या कपाटाची फट घरच्यांना रोज दिसते आणि पाहुण्यांनाही.

या कपाटाचे दोन भाग. मागे प्लायचा किंवा कडप्प्याचा खोका, ज्याला आता सगळे बॉक्स म्हणतात. त्याच्या तोंडावर सागवानी पट्ट्यांची चौकट. सामान खोक्यात, दारं चौकटीत. मॉड्युलर किचनवाल्यांनी चौकट काढूनच टाकली. ती पद्धत युरोपातली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडं चिपबोर्डचे खोके आणि ३२ मिलिमीटर अंतरावरची भोकं हा कारखान्यांचा साचा ठरून गेला. अमेरिकेत चौकटीची कपाटं आजही बनतात. आपल्याकडंही ती टिकली, कारण भिंती वाकड्या, कडप्प्यात स्क्रू धरत नाही, प्लायच्या कडेपेक्षा सागवानात बिजागरी पक्की बसते. कापसाच्या व्यापारासाठी १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि पेठेत वाडे उभे राहिले. अशा जुन्या वाड्यांत भिंतीतल्या कपाटांना सागाच्या चौकटी दिसतात. लोकांच्या मनात 'पक्कं कपाट' म्हणजे तेच.

या कामातून मला एक पटलंय. चौकटीची प्रत्येक कड खोक्याशी जुळवायला गेलं, की एकही धड जुळत नाही. कोणती जुळवायची आणि कोणती मुद्दाम सोडायची, हे लाकडाला करवत लावण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

१. जुळणारी कड आधी कागदावर ठरवा

चौकटीच्या पट्टीला आतली कड असते आणि बाहेरची. दोन्ही खोक्याच्या फळीशी जुळवायच्या, तर पट्टी प्लायएवढीच, म्हणजे १८ मि.मी. रुंद करावी लागेल, आणि एवढ्याशा पट्टीत बिजागरीचा स्क्रू कसा टिकायचा? पट्टी दोन-अडीच इंचांची असते. तेव्हा ती कोणत्या तरी बाजूला फळीच्या बाहेर जाणारच. कोणत्या, ते आपण ठरवायचं.

माझा क्रम ठरलेला आहे. खालच्या आडव्या पट्टीची वरची कड खोक्याच्या तळाशी एकपातळीत, प्लायच्या खोक्यात याला अपवाद नाही. स्वयंपाकघरात डाळ सांडते, पीठ सांडतं. फडकं फिरवलं की ते सरळ बाहेर आलं पाहिजे. पट्टी वर आली तर तिथं उंबरा तयार होतो आणि कचरा अडतो. खाली राहिली तर तळाच्या मायक्याची कड उघडी पडते, ओलं फडकं तिथंच घासतं आणि मायका सुटायला लागतो.

दुसरी, ड्रॉवरच्या बाजूची उभी पट्टी. तीही आतून एकपातळीत. नुसत्या फळ्या असलेल्या कप्प्यात उभी पट्टी थोडी आत आली तरी बिघडत नाही, पण जेवढी डावीकडं आली तेवढीच उजवीकडं यावी. वरच्या पट्टीची आतली कड बघायला कोणी वाकत नाही. तिथं वेळ घालवू नका. भिंतीकडची बाहेरची कड मुद्दाम अर्धा-पाऊण इंच जास्त ठेवा, भिंतीप्रमाणे कापता यावी म्हणून.

खरी परीक्षा मधल्या उभ्या पट्टीची. दोन खोके शेजारी-शेजारी असले की दोन प्लाय मिळून ३६ मि.मी. होतात, आतल्या बाजूंना पातळ मायका धरला तर साडेसदतीसच्या आसपास. पट्टी घेतली दोन इंची, म्हणजे ५० मि.मी. वरचे बारा मि.मी. जाणार कुठं? सवयीनं ते दोन्हीकडं सहा-सहा वाटले जातात. एका खोक्यात ड्रॉवर आणि दुसऱ्यात दार असेल, तर ड्रॉवरकडं शून्य ठेवून सगळे बारा दाराकडं द्या. दोन्हीकडं ड्रॉवर असतील तर पट्टीच ३८ ची करा. समोरून ती इतर पट्ट्यांपेक्षा बारीक दिसेल, म्हणून मालकाला आधी दाखवून घ्या.

२. जमिनीवरून माप घेऊ नका

पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिच्यावरची घरं थोडी-थोडी हलत असतात. भिंतीला तिरपी भेग, एका कोपऱ्यात बसलेली फरशी, हे घाटाखाली नवं नाही. घाटावर मुरूम किंवा खडक लवकर लागतो, त्यामुळं तिथं हा त्रास कमी. पण गिलावा वर पातळ आणि खाली जाड, हे दोन्हीकडं सारखंच.

म्हणून गवंड्यांची जुनी रीत मी सोडलेली नाही. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, हवेचे बुडबुडे काढायचे आणि खोलीभर कमरेच्या उंचीवर एक रेघ मारून घ्यायची. आता लेसर मिळतो, तोही चांगला. पण रेघ हवीच. खोक्याची आणि चौकटीची सगळी उभी मापं त्या रेघेपासून. रेघेपासून खाली मोजत गेलं की जमीन सर्वांत उंच कुठं आहे ते कळतं. तिथून खोक्याचा पाया धरायचा. इतर ठिकाणी खाली जी फट राहील ती स्कर्टिंगच्या पट्टीनं झाकायची.

उभ्या पट्टीला ओळंबा लावा. भिंत तिरपी असेल तर ओळंब्यातल्या पट्टीशेजारी पाचरीसारखी फट दिसते, आणि बघणारा म्हणतो पट्टीच वाकडी बसलीय. इथं ती जास्तीची अर्धा-पाऊण इंच रुंदी कामी येते. चौकट ओळंब्यात टेकवून धरायची, कंपासचं टोक भिंतीवरून आणि पेन्सिल पट्टीवरून एकाच अंतरानं वरपासून खालपर्यंत ओढायची. भिंतीचा चढ-उतार जसाच्या तसा पट्टीवर उतरतो. त्या रेघेवर कापून, कड किंचित मागे उतरती रंधली की पट्टी भिंतीशेजारी एकसारख्या बारीक फटीनं बसते (ती फट का ठेवायची, ते नवव्या मुद्द्यात). गिलावा फोडून भिंत सरळ करत बसण्यापेक्षा हे स्वस्त आणि धूळही नाही.

३. कडप्प्यात सर्वांत पुढं आलेली फळी शोधा

आपल्याकडच्या घरांत भिंतीतलं कपाट म्हणजे विटांच्या कोनाड्यात बसवलेल्या कडप्प्याच्या फळ्या. गवंडी त्या बसवतो तेव्हा त्याच्या डोक्यात दार नसतं. एक फळी दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढं, एक मागे, एक पुढून खाली उतरलेली. कडप्प्याची जाडीही एकसारखी नसते. मग सुतार येतो आणि चौकट सरळ फळ्यांवर टेकवतो. ती टेकते एका-दोन जागी, बाकी ठिकाणी हवा. स्क्रू आवळला की पट्टी वाकते आणि दार लागेनासं होतं.

आधी दोरी बांधा. वरच्या आणि खालच्या टोकाला एकसारख्या जाडीचे दोन ठोकळे ठेवून त्यांवरून दोरी ताणायची. तेवढ्याच जाडीचा तिसरा ठोकळा प्रत्येक फळीपाशी सरकवून बघायचा. जिथं ठोकळा दोरीला ढकलतो, ती फळी पुढं आहे. सगळ्यांत पुढची फळी म्हणजे चौकटीची पातळी. ती फारच पुढं असेल तर ग्राइंडरनं तेवढी घासून घ्या, आणि मग बाकीच्या फळ्यांपाशी चौकटीमागं पाचरी द्या. स्क्रू नेहमी बाजूच्या विटांत, प्लग घालून. कडप्प्यात भोक पाडायला गेलात तर कड उडते किंवा फळीला चीर जाते.

इथं आडव्या पट्ट्या फळ्यांशी एकपातळीत आणण्याचा नादच सोडा. पट्टी फळीच्या जाडीपेक्षा रुंद घ्या आणि वरची कड फळीच्या सर्वांत उंच जागेशी जुळवा. खालून कितीही खाली गेली तरी चालेल. वर राहिलेली बारीक फट पांढऱ्या सिमेंटनं भरली की झुरळांचा रस्ताही बंद.

४. पीळ खोक्यातच काढा

चौकट सपाट असते म्हणून खोकाही तिच्या जोरावर सपाट होईल, असं नवी पोरं समजतात. होतं उलटं. प्लायचा मोठा खोका दोन इंची पट्ट्यांना स्वतःबरोबर पिळतो.

खोका जागेवर ठेवल्यावर त्याच्या तोंडावर वर एक आणि खाली एक अशा दोन सरळ पट्ट्या आडव्या धरा, आणि वरून किंवा खालून एक डोळा मिटून पाहा. दोन्हींच्या कडा समांतर दिसल्या तर ठीक. एक टोक वर, एक खाली दिसलं तर पीळ आहे. तो तळाशी पाचर देऊन काढायचा, समोर स्क्रू आवळून नव्हे. दोन्ही कर्ण मात्र खोका जोडतानाच मोजा. कर्ण सारखे येईपर्यंत मागची प्लाय ठोकू नका, कारण खोक्याला काटकोनात धरून ठेवते ती मागची प्लायच. चौकटीचे कर्ण वेगळे, जमिनीवर मोजून घ्या. दोघंही आपापल्या जागी काटकोनात असतील, तरच एकमेकांवर नीट बसतील.

५. १८ ची प्लाय १८ भरत नाही

बाजारात १८ म्हणून मिळणारी प्लाय मोजली तर अनेकदा साडेसतरा किंवा त्याहूनही कमी भरते. एकाच गाडीतल्या दोन शीटमध्येही फरक पडतो. त्यावर आतून ०.८ चा मायका, बाहेरून १ चा, आणि फेव्हिकॉलचा थर. हिशेब कागदावर केलात तर चार ठिकाणच्या चुका मिळून एक सूत कधी झाली ते कळत नाही.

म्हणून आतला मायका आधी चिकटवा. खोका पूर्ण झाल्यावर चौकटीचं माप त्या खोक्यावरूनच घ्या, टेपनं नव्हे. एक सरळ लांब पट्टी खोक्याच्या तोंडाशी धरायची आणि प्रत्येक फळीची आतली कड तिच्यावर टोकदार पेन्सिलीनं उतरवून घ्यायची. तीच मापकाठी मग चौकटीच्या लाकडावर ठेवायची. आकडा नाही, म्हणून आकड्याची चूकही नाही. आमच्याकडं मालक फुटात बोलतो, सुतार सुतात, प्लाय मिलिमीटरमध्ये येते. मापकाठीला यातली कोणतीच भाषा लागत नाही.

६. जिथं जुळवायचं, तिथं लाकूड जास्त ठेवा

एकपातळीत आणायची कड नेमक्या मापाची कापू नका. अर्धा मिलिमीटर आत येऊ द्या. चौकट चिकटवून सुकल्यावर ती वाढीव कड रंध्यानं किंवा बेअरिंग बिट लावलेल्या ट्रिमर मशीननं उतरवायची. बेअरिंग खोक्याच्या फळीवरून फिरतं, त्यामुळं लाकूड बरोबर तिच्या पातळीला येतं. सागवान रंधता येतं, मायका रंधता येत नाही. उंच कोणी राहायचं हे त्यावरून ठरलं. बेअरिंगला मात्र कागदी चिकटपट्टी लावा, नाहीतर मायक्यावर ओरखडा राहतो. कोपऱ्यात बिट पोचत नाही. तिथं धारदार पटाशी, रेषांच्या दिशेनं.

७. फेव्हिकॉल घसरतो

कोरडी जुळवलेली चौकट फेव्हिकॉल लावून शिकंजा आवळला की सरकते. ती सरकू नये म्हणून खोक्याच्या कडेवर वर-खाली दोन-तीन बारीक खिळे अर्धे ठोका, डोकी पक्कडीनं तिरपी कापा. कोरडी चौकट योग्य जागी दाबली की टोकं लाकडात रुततात. मग काढा, गोंद लावा, पुन्हा त्याच भोकांत बसवा. सागवान तेलकट असतं, म्हणून चिकटवायची बाजू आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्या.

८. बिजागरी आणि चॅनेल आधी विकत आणा

टेलिस्कोपिक चॅनेलला ड्रॉवरच्या प्रत्येक बाजूला अर्धा इंच लागतो. चौकटीची पट्टी खोक्याच्या फळीपेक्षा सहा मि.मी. आत आली असेल, तर चॅनेल फळीवर लागतं आणि ड्रॉवर बाहेर येताना पट्टीला धडकतो. मग फळीवर सहा मि.मी.ची प्लाय पॅकिंग म्हणून ठोकावी लागते. बहुतेक घरांत ती घरमालक गावी गेल्यावर, घाईत, दोन तुकड्यांत ठोकलेली दिसते. पहिल्या मुद्द्यात ड्रॉवरच्या बाजूला शून्य ठेवा म्हटलं ते याच कारणानं.

दाराचंही तसंच. दार चौकटीच्या आत बसणार की वर चढणार, हे ठरल्याशिवाय बिजागरीचा क्रँक, म्हणजे तिच्या हाताचा बाक, ठरत नाही. पूर्ण चढणाऱ्या दाराला झिरो, अर्ध्याला आठ, आत बसणाऱ्याला पंधरा-सोळा. कपाच्या बिजागरीची प्लेट खोक्याच्या फळीवर लावायची असेल तर पट्टी तिथंही फळीशी एकपातळीत हवी, नाहीतर पुन्हा पॅकिंग. साधी पितळी बिजागरी चौकटीवरच लागते, तिला ही भानगड नाही. खामगावच्या दुकानात जो माल मिळतो तोच मेहकरला मिळेल असं नाही. माल हातात घेऊन मगच पट्टीची रुंदी ठरवा.

९. कूलर आणि पावसाळा मोजून घ्या

जुलै लागला की फोन सुरू होतात: "भाऊ, दार काहून लागून नाही राह्यलं?" मे महिन्यात खामगाव-मलकापूरकडं पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा हवा कोरडीठाक असते. पण घरात चोवीस तास कूलर. खिडकीशेजारचं कपाट ओलसर हवा खातं, पलीकडच्या भिंतीवरचं वाळतं. मग पाऊस आला की सगळीच फुगतात.

सागवान कमी हलणारं लाकूड आहे, पण हलतं. अडीच इंच रुंदीच्या पट्टीत ओल चार-पाच टक्क्यांनी वाढली तर रुंदी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी जास्त वाढते. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिळून एक मिलिमीटर, आणि दार सागवानी असेल तर त्याचं वेगळं. लांबीत लाकूड जवळजवळ वाढत नाही, प्लाय तर रुंदीतही नाही. म्हणजे भांडण चौकटीच्या रुंदीचं आहे.

ती वाढ कुठल्या बाजूला जाईल, हे आपल्या हातात असतं. आतली कड खोक्याशी चिकटलेली असेल आणि बाहेरच्या कडेला भिंतीपाशी एक सूत मोकळं असेल, तर पट्टी भिंतीकडं वाढते. कोणाला कळतही नाही. उलट चौकट गिलाव्यात गच्च बसवली, तर वाढायला एकच जागा उरते, दाराकडची. गवंडी आणि सुतार यांनी एकमेकांना न विचारता काम केलं की हेच होतं. भिंतीची फट सिमेंटनं भरू नका. वर बीडिंगची पट्टी मारा आणि तिचे खिळे भिंतीत जाऊ द्या, चौकटीत नको.

दाराभोवती उन्हाळ्यात दोन मि.मी. फट ठेवा. माप म्हणून एक मि.मी. मायक्याचे दोन तुकडे एकत्र चिकटवून खिशात ठेवतो. भर पावसाळ्यात काम करत असाल तर एक तुकडाही पुरतो, कारण लाकूड आधीच फुगलेलं आहे. परतवाड्याच्या डेपोतून मेळघाटचं सागवान आणा की कुठलंही, आरामशीनवर चिरून आणल्यावर ते ज्या घरात बसणार त्याच घरात काही आठवडे रचून ठेवावं. जुन्या वाड्यातून निघालेल्या तुळयांच्या पट्ट्या मिळाल्या तर सोन्याहून चांगल्या, फक्त खिळे शोधून काढा.

१०. चौकटीचे पाय जमिनीवर टेकवू नका

आमच्याकडं फरशी पाण्यानं धुतात. उभ्या पट्टीचं टोक फरशीला टेकलं तर ते पाणी शोषतं, आणि त्या ओलीच्या वासानं उधई येते. टोक अर्धा इंच वर ठेवा, त्याला आधीच पॉलिश पाजा, आणि समोर ग्रॅनाइटची किंवा कोट्याची स्कर्टिंग लावा.

११. चौरस फुटाचा दर ही खरी अडचण आहे

आपल्याकडं फर्निचरची मजुरी समोरच्या भागाच्या चौरस फुटावर ठरते. दोरी ताणायला, पीळ बघायला, पट्टी भिंतीप्रमाणे कापायला, कड रंध्यानं उतरवायला जो दिवस जातो, त्याचे चौरस फूट होत नाहीत. म्हणून तो दिवस वाचवला जातो, आणि फटी लांबी (पुट्टी) भरून, वर पॉलिश मारून झाकल्या जातात. पहिल्या पावसाळ्यात लांबी निघते.

घर बांधणाऱ्यांना एवढंच सांगतो. दर ठरवतानाच चौकट बसवण्याचे दिवस वेगळे धरा आणि त्यांची रोजी वेगळी द्या. शेवटचा हप्ता देण्याआधी समोरून कपाट बघू नका. दार उघडा आणि तळाच्या फळीवरून बाहेरपर्यंत बोट ओढा. बोट अडलं तर पॉलिशवाल्याला थांबवून सुताराला परत बोलवा.